हाड, रक्त आणि वार्धक्य

म्हातारपण म्हणजे दुसरें बालपण, असें म्हणण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. हट्टाच्या, दातांच्या किंवा स्मरणशक्तीच्या बाबतींत ही म्हण कितीही खरी असो. हाडांच्या बाबतींत मात्र ती साफ खोटी आहे. सहा वर्षांचा मुलगा पेरूच्या झाडावरून पडून हात मोडून घेतो, आणि दोन महिने होतात न होतात तोंच त्याच झाडाच्या शेंड्याशीं पुन्हां दिसूं लागतो. पंचाहत्तर वर्षांच्या आजी न्हाणीघरांत पाय घसरून पडतात, खुब्यापाशीं मांडीचें हाड मोडतें, आणि त्या एका क्षणापासून साऱ्या घराचा दिनक्रम बदलून जातो. देशोदेशींच्या वैद्यांचा अनुभव असा आहे कीं, खुबा मोडलेल्या वृद्धांपैकीं सुमारें पांचांतील किंवा चारांतील एक वर्ष पुरें होण्याच्या आंत दगावतो. आणि जे वांचतात त्यांतील पुष्कळांची चाल पूर्ववत् होत नाहीं. अशा प्रसंगीं समाचाराला येणारीं भलीं माणसें एक वाक्य हटकून बोलतात: "वय झालें, आतां हाड कशाचें जुळतें!"

ह्या वाक्यांत सहानुभूति असते, पण ज्ञान नसतें. 'वय झालें' हें कारण नसून कारण ठाऊक नसल्याची सभ्य कबुली आहे. वयाच्या योगानें शरीरांत नेमकें काय घडतें, आणि जें घडतें त्याचा परिणाम हाडावरच एवढा कां व्हावा, ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत मनुष्यजातीचीं कित्येक शतकें गेलीं. तें उत्तर जेथें सांपडेल असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें तेथें, म्हणजे रोगांशीं लढणाऱ्या रक्तपेशींच्या संसारांत, शेवटीं सांपडलें. त्या शोधाची हकीकत थोडक्यांत सांगावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रारंभ आपल्याच देशापासून करणें योग्य होईल. सुश्रुतसंहितेंतील चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांच्या उपचारांना वाहिलेला आहे. अवयव ओढून सरळ करणें, हाडाचीं टोंकें एकमेकांशीं जुळविणें, झाडांच्या साली व बांबूच्या कामट्या लावून तें जागच्या जागीं खिळविणें, आणि तो बंध थंडीच्या दिवसांत सातव्या, समशीतोष्ण ऋतूंत पांचव्या व उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं बदलणें, इतक्या बारकाव्यांनिशीं तेथें सर्व विधि दिला आहे. त्याच अध्यायांत काळाचें एक गणितही आहे. पहिल्या वयांत सांधा एका महिन्यांत दृढ होतो, मध्यम वयांत त्यास दुप्पट काळ लागतो, आणि उतारवयांत तिप्पट. शिवाय जो अल्पाहारी आहे, ज्याचा स्वतःवर ताबा नाहीं, ज्याची प्रकृति वातप्रधान आहे, अशाचें हाड कष्टानें जुळतें, असा इशाराही ग्रंथकारानें दिला आहे.

हें वाचून, आमच्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊकच होतें, असा निकाल देण्याचा मोह आपल्यांतील कित्येकांना होईल. तो आवरला पाहिजे. निरीक्षण आणि कारणमीमांसा ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत. वयाबरोबर हाड जुळण्यास विलंब लागतो हें निरीक्षण अस्सल आहे, आणि तें करणाऱ्या वैद्यांनीं शेंकडों रोगी डोळ्यांखालीं घातले असले पाहिजेत. पण वातप्रकोप ही त्याची मीमांसा तपासून पाहण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. एवढें मात्र मान्य केलें पाहिजे कीं, दोष एकट्या मोडक्या हाडावर न टाकतां तो त्यांनीं साऱ्या शरीराच्या स्थितींत शोधला. पुढें युरोपांतील शस्त्रवैद्यांना हाच धडा फार उशिरां शिकावा लागला.

युरोपांत बराच काळ हाड म्हणजे शरीराच्या घराचा खांब, अशी समजूत होती. खांब एकदां उभा केला कीं उभा राहतो. त्यास आंतून कोणी रोज तासतो आणि रोज लिंपतो, ही कल्पना कोणास सुचावी? ती सुचण्यास एक मेजवानी कारण झाली. लंडन येथील जॉन बेल्शियर नांवाचा शस्त्रवैद्य छिटें छापणाऱ्या एका कारखानदाराच्या घरीं जेवावयास गेला असतां, पानांत वाढलेल्या डुकराच्या मांसांतील हाडें त्याला तांबडीं दिसलीं. चौकशी करतां समजलें कीं, कापड रंगविण्याच्या कामीं वापरलेला मंजिष्ठाचा कोंडा त्या डुकरांना चारला जात असे. बेल्शियरनें १७३६ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. दुहामेल द्यु मॉन्सो ह्या फ्रेंच पंडितानें मग जनावरांना कांहीं दिवस मंजिष्ठ चारून व कांहीं दिवस बंद करून त्यांच्या हाडांत तांबडे व पांढरे थर एकाआड एक चढतात, असें दाखविलें. जॉन हंटरनें (१७२८–१७९३) त्यावर कळस चढविला. हाडावर एका बाजूनें नवा थर चढत असतां दुसऱ्या बाजूनें जुना थर शोषला जात असतो, आणि ह्या दोन व्यापारांमुळेंच हाडाचा आकार राखला जातो, हें त्यानें सिद्ध केलें. येणेंप्रमाणें खांबाची कल्पना ढासळली. हाड हें नित्य चालू असलेलें बांधकाम ठरलें. परंतु बांधणारा कोण आणि पाडणारा कोण, हें हंटरला दिसलें नाहीं.

ह्याच हंटरनें आणखी एक विचार मांडला, आणि त्याचें महत्त्व समजण्यास दोनशें वर्षें लागलीं. जखम झाली कीं तेथें लाली, सूज, उष्णता आणि वेदना हीं चार लक्षणें दिसतात, असें रोमन ग्रंथकार सेल्सस ह्यानें पहिल्या शतकांतच लिहून ठेविलें होतें. ह्या अवस्थेस आपण दाह म्हणूं. दाह म्हणजे शत्रु आणि तो लवकरांत लवकर शमविणें हाच वैद्याचा धर्म, असें पिढ्यान्पिढ्या मानलें गेलें. हंटरच्या मृत्यूनंतर १७९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत मात्र, दाह हा स्वतः रोग नसून इजा झाल्यावर शरीरानें योजलेली हितकर क्रिया आहे, असें प्रतिपादन आहे.

हंटरचा शिष्य सर ॲस्टली कूपर ह्यानें १८२२ सालीं हाडें निखळणें व सांध्यांजवळचीं हाडें मोडणें ह्या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. मांडीच्या हाडाची मान वृद्धांत, आणि विशेषतः वृद्ध स्त्रियांत, क्षुल्लक कारणानें मोडते, आणि सांध्याच्या वेष्टनाच्या आंत ती मोडल्यास हाडाला हाड मिळून येत नाहीं, असें त्यानें साधार दाखविलें. तुटलेल्या टोंकाचा रक्तपुरवठा बंद पडतो, हें त्याचें कारण त्यानें दिलें, आणि तें बव्हंशीं बरोबर होतें. कूपरची खरी थोरवी त्याच्या व्यवहारांत आहे. असा वृद्ध रोगी महिनोन्महिने अंथरुणावर सरळ खिळवून ठेवला तर तो हाडानें नव्हे, अंथरुणानें मरतो, हें त्यानें ओळखलें. वेदना कांहीं दिवसांत ओसरल्या कीं त्यास उंच खुर्चीवर बसवावें आणि कुबड्यांवर उभें करावें, असा त्याचा उपदेश होता. पुढें स्मिथ-पीटरसन ह्या अमेरिकन शस्त्रवैद्यानें तीन पाकळ्यांच्या पोलादी खिळ्यानें ही मान जोडण्याची रीत १९३१ सालीं प्रसिद्ध केली, आणि कूपरला जें हताश होऊन सोडावें लागलें तें कांहीं अंशीं साध्य झालें. तथापि खिळा हाडाचीं टोंकें धरून ठेवतो. हाड जुळविणें हें काम शरीराचेंच राहतें. तें काम वृद्ध शरीर मंदपणें कां करतें, हा प्रश्न जेथल्या तेथेंच होता.

त्या प्रश्नाचें पहिलें धीट उत्तर एका प्राणिशास्त्रज्ञानें दिलें. इल्या मेच्निकोव्ह हा रशियन गृहस्थ १८८२ सालीं सिसिली बेटांतील मेसिना येथें राहत होता. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या शरीरांत त्यानें गुलाबाचे कांटे टोंचून ठेविले. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों, त्या पिल्लांच्या शरीरांत हिंडणाऱ्या पेशी कांट्याभोंवतीं गोळा होऊन त्यास गिळावयास सज्ज झाल्या होत्या. ह्या पेशींना त्यानें भक्षक पेशी म्हटलें. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना असेंच खातात, आणि दाह म्हणजे ह्या सैनिकांची जमवाजमव होय, असा सिद्धांत त्यानें मांडला. १९०८ सालीं पॉल एर्लिख ह्याच्यासह त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

मेच्निकोव्हची जिज्ञासा तेवढ्यावर थांबली नाहीं. वार्धक्य कां येतें, ह्या प्रश्नानें त्यास उत्तरायुष्यांत पछाडलें. त्याची उपपत्ति अशी: तारुण्यांत जे भक्षक शत्रूला खातात, तेच म्हातारपणीं उन्मत्त होऊन शरीराच्याच थोर भागांवर तुटून पडतात; केंसांचा रंग खातात, मेंदूच्या पेशी खातात. हाडांविषयीं त्याचें म्हणणें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. हाड पोखरणाऱ्या प्रचंड, अनेक केंद्रांच्या पेशींना कोलिकर ह्या शरीरशास्त्रज्ञानें १८७३ सालीं 'अस्थिभंजक' अशा अर्थाचें नांव दिलें होतें. ह्या पेशी भक्षकांच्याच जातीच्या होत, आणि म्हातारपणीं हाडें हलकीं व ठिसूळ होतात तीं ह्यांच्याच कर्तृत्वानें, असें मेच्निकोव्हनें लिहिलें. आंतड्यांतील जंतूंचें विष ह्या भक्षकांना चिथावतें अशी समजूत करून घेऊन त्यानें रोज आंबलेलें दूध खाण्याचा परिपाठ ठेविला आणि लोकांनाही तोच उपदेश केला. दह्याताकावर वाढलेल्या आपल्या वाचकांना ह्याचें कौतुक वाटेल. पण तो स्वतः १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं वारला, आणि त्याच्या वार्धक्यविषयक उपपत्तीला शास्त्रज्ञांनीं एका विक्षिप्त विद्वानाची लहर म्हणून बाजूस सारलें.

बाजूस सारण्यास कारणही होतें. उपपत्ति पुराव्याच्या फार पुढें धांवली होती. केंस आणि मेंदू ह्यांविषयीं ती टिकली नाहीं. परंतु चुकीच्या धान्याबरोबर एक चांगला दाणाही फेंकला गेला. हाड मोडून खाणारा आणि रोगजंतु खाणारा हे एकाच कुळांतले, हा तो दाणा.

मधल्या काळांत हाडाचें शास्त्र निराळ्या वाटेनें गेलें. बोस्टन येथील फुलर ऑल्ब्राइट ह्यानें १९४१ सालीं, विटाळ गेल्यानंतर स्त्रियांचीं हाडें विरळ होतात ह्याचा संबंध स्त्रीशरीरांतील इस्ट्रोजेन ह्या अंतःस्रावाच्या अभावाशीं जोडला. चुना, दूध, सूर्यप्रकाश व अंतःस्राव हीं हाडाच्या विवेचनाचीं चार परिचित प्रकरणें ठरलीं. त्यांतील एकही खोटें नव्हतें. पण हाडाचा अभ्यास एका दालनांत आणि रक्ताचा अभ्यास दुसऱ्या दालनांत, अशी विद्यापीठांची वांटणी झाली होती. वास्तविक रक्तपेशी जन्मतात त्याच मुळीं हाडाच्या पोकळींत, मज्जेंत. भाडेकरूचा आणि घराचा कांहींच संबंध नाहीं असें मानून दोघांचाही अभ्यास चालला होता म्हणा ना!

मधली भिंत १९७२ सालीं हलली. त्या वर्षीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं असें दाखविलें कीं, माणसाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी चिथावल्या असतां त्या एक द्रव्य सोडतात, आणि तें द्रव्य हाडाच्या तुकड्यावर घातलें तर तो झिजूं लागतो. त्या द्रव्यांतील मुख्य घटक १९८५ सालीं ओळखला गेला, आणि तो दाह भडकविणारें 'इंटरल्यूकिन-१' हें परिचित द्रव्यच निघाला. दरम्यान १९७३ सालीं डोनाल्ड वॉकर ह्यानें एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या एका जातींत जन्मतःच हाडें दगडासारखीं भरीव होतात, कारण त्यांचे अस्थिभंजक निकामी असतात. वॉकरनें असा रोगी उंदीर एका निरोगी उंदराच्या अंगाशीं शिवून दोघांचें रक्त एक केलें, आणि रोग्याचीं हाडें सुधारलीं. १९७५ सालीं नुसती निरोगी मज्जा किंवा प्लीहेच्या पेशी घालूनही तोच गुण त्यास आढळला. म्हणजे अस्थिभंजक हाडांत उपजत नाहींत. ते रक्ताच्या कुळांतून येतात. भक्षकांचे ते सख्खे भाऊबंद आहेत. मेच्निकोव्हचा फेंकलेला दाणा पाऊणशें वर्षांनीं उगवला.

ह्याच सुमारास रोगप्रतिकारक संस्थेचें वार्धक्य हा विषयही आकार घेत होता. छातीच्या हाडामागें थायमस नांवाची एक मऊ ग्रंथि असते. बालपणीं ती चांगली पुष्ट असते. तारुण्यापासून ती ओसरत जाते, आणि वृद्धापकाळीं तिच्या जागीं बहुतेक चरबीच उरते. ती निरुपयोगी असावी असा समज होता. १९६१ सालीं लंडन येथें जॅक मिलर ह्यानें नवजात उंदरांची थायमस काढून टाकली, तों ते उंदीर रोगांपुढें असहाय झाले. जिला आज टी-पेशी म्हणतात, ती रक्षकांची तुकडी ह्या ग्रंथींत शिकून तयार होते. ग्रंथि ओसरल्यावर नवे रंगरूट येणें कमी होतें, आणि जुन्या लढायांत मुरलेल्या शिपायांचीच गर्दी राहते. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉय वॉलफर्ड ह्यानें १९६९ सालीं एक ग्रंथ लिहून वार्धक्याचें मूळच ह्या संस्थेच्या बिघाडांत आहे, असें प्रतिपादिलें. पुढें इटलींतील क्लॉडिओ फ्रान्चेस्की ह्यानें २००० सालीं त्यांत एक महत्त्वाची भर घातली. वृद्ध शरीरांतील रक्षक केवळ दुबळे होत नाहींत. ते कुरकुरेही होतात. शत्रु नसतांही त्यांची मंद धुसफूस चालू राहते, आणि दाहाचीं द्रव्यें रक्तांत थोडथोडीं सतत झिरपतात. राखेखालीं निखारे धुमसत राहावे, तसा हा प्रकार आहे.

ह्या निखाऱ्यांची धग हाडाला कशी लागते, हें समजण्यास आवश्यक असलेला दुवा १९९७ ते १९९९ ह्या तीन वर्षांत हातीं आला, आणि त्याची कथा मोठी मौजेची आहे. रक्षक पेशींचा अभ्यास करणाऱ्या दोन अमेरिकन गटांना १९९७ सालीं टी-पेशींशीं निगडित असें एक संदेशवाहक द्रव्य सांपडलें. त्याच वर्षीं हाडांचा अभ्यास करणाऱ्यांना, हाडाची झीज थांबविणारें एक रक्षक प्रथिन सांपडलें. त्याचें नांव ऑस्टिओप्रोटेजेरिन. हें प्रथिन ज्याला अडवितें तें द्रव्य कोणतें, ह्याचा शोध घेतां १९९८ सालीं अमेरिकेंतील एका औषधी कंपनीच्या व जपानांतील दुसऱ्या एका कंपनीच्या संशोधकांनीं तें स्वतंत्रपणें हुडकून काढलें. जपानी कंपनी मुळांत दुधाचा व्यापार करणारी होती, ही गोष्ट मेच्निकोव्हला आवडली असती. तपासाअंतीं दोन्ही दालनांतील मंडळींना कळून आलें कीं, आपल्याला सांपडलेलें द्रव्य एकच आहे. त्यास आतां रँक-एल म्हणतात. भक्षककुळांतील कोंवळ्या पेशींना हें द्रव्य भेटलें कीं त्या एकमेकींत मिसळून अस्थिभंजक बनतात. १९९९ सालीं हें द्रव्य मुळींच नसलेले उंदीर निपजविण्यांत आले. त्यांच्यांत अस्थिभंजक नव्हते, त्यांचे दांत हिरडींतून बाहेर पडले नाहींत, आणि त्यांच्या शरीरांत लसिकाग्रंथि, म्हणजे रक्षकांचीं ठाणींही, बनलीं नाहींत. एकाच किल्लीनें दोन कुलुपें उघडतात, ह्याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? २००० सालीं ह्या जोडशास्त्राला इंग्रजींत नांव मिळालें. मराठींत आपण त्यास अस्थिप्रतिकारशास्त्र म्हणूं.

ऑल्ब्राइटच्या शोधालाही आतां नवा अर्थ प्राप्त झाला. ज्या उंदरांच्या अंगीं टी-पेशी नाहींत, अशांचें बीजकोश काढले तरी त्यांचीं हाडें नेहमींसारखीं झिजत नाहींत, असें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. इस्ट्रोजेन हा हाडाचा रक्षक खरा, पण त्याच्या रक्षणाचा एक मोठा भाग असा कीं, तो टी-पेशींना लगामांत ठेवतो. लगाम सुटला कीं त्या दाहक द्रव्यें व रँक-एल अधिक सोडतात, आणि हाड पाडणाऱ्यांची संख्या बांधणाऱ्यांहून वाढते.

येथवर झीज झाली. आतां मोडलेलें हाड जुळण्याकडे वळूं; कारण खरी गंमत तेथें आहे. दाहानें हाड झिजतें, तर मोडलेलें हाड जुळण्यासाठीं दाह साफ शमवावा, असें तर्काला वाटेल. वस्तुस्थिति उलट आहे. हाड मोडतांच तेथें रक्त सांखळतें. ह्या सांखळलेल्या रक्ताला पूर्वीं कचरा समजत. परंतु १९९० सालीं जपानी संशोधकांनीं उंदराच्या मोडलेल्या हाडापासचें चार दिवसांचें रक्त काढून त्याच्या स्नायूंत ठेविलें, तों तेथें नवें हाड बनलें. त्या रक्तांत प्रथम जंतुभक्षक शिपाई येतात, मागून महाभक्षक पेशी येतात, मेलेलें तेवढें उचलून नेतात, आणि हांका मारून हाड बांधणाऱ्या पेशींना बोलावितात. मग कूर्चेचा मऊ जोड तयार होतो, त्यांत चुना भरतो, आणि पुढें कित्येक महिने अस्थिभंजक व अस्थिजनक मिळून त्या ओबडधोबड जोडाला मूळ आकार देत राहतात. दाहाचे संदेश ज्यांना ऐकूंच येत नाहींत, असे उंदीर घेऊन २००३ सालीं पाहिलें, तेव्हां त्यांचें हाड जुळण्यास विलंब लागला. वेदनाशामक औषधें शरीरांतील ज्या एका प्रेरकाला अडवितात, तो जन्मतः नसलेल्या उंदरांत हाड नीट जुळत नाहीं, असेंही २००२ सालीं आढळलें. (ह्यावरून वाचकांनीं डॉक्टरनें दिलेल्या गोळ्या फेंकून देऊं नयेत, माणसांविषयीं ह्या बाबतींत अद्यापि मतभेद आहे.) सारांश, हंटरचें म्हणणें खरें ठरलें. हाड जुळण्यास दाह हवाच. मात्र तो वेळेवर पेटला पाहिजे आणि वेळेवर विझला पाहिजे. चूल पेटलीच नाहीं तर स्वयंपाक होत नाहीं. विझलीच नाहीं तर घर जळतें.

वृद्ध शरीराची अडचण आतां वाचकांच्या ध्यानीं येईल. त्याची चूल चटकन् पेटत नाहीं, आणि पेटल्यावर धड विझत नाहीं. हें केवळ उपमेवर अवलंबून नाहीं. सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनीं २०१० सालीं कोंवळ्या उंदरांची मज्जा वयस्क उंदरांत घातली, तों त्यांचीं मोडलेलीं हाडें अधिक जोमानें जुळलीं. हाड जुनें तेंच होतें. रक्षक तेवढे नवे होते. २०१५ सालीं टोरोंटो व ड्यूक येथील संशोधकांनीं वॉकरचीच युक्ति वापरून म्हाताऱ्या उंदराचें रक्त तरुण उंदराच्या रक्ताशीं जोडलें, आणि म्हाताऱ्याचें मोडलेलें हाड सुधारलें. हा प्रभाव रक्तांतील कोणत्या घटकाचा, हें पाहतां २०१८ सालीं तो मुख्यतः तरुण महाभक्षक पेशींचा असल्याचें त्यांनीं दाखविलें. माणसांतील पुरावा बर्लिन येथून आला. नडगीचें हाड मोडलेल्या रुग्णांचें रक्त तपासतां, ज्यांचें हाड जुळण्यास विलंब लागला त्यांच्या रक्तांत जुन्या लढायांत मुरलेल्या एका विशिष्ट जातीच्या टी-पेशी अधिक होत्या, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. ह्या पेशी वयाबरोबर वाढतात. पण सर्वांत सारख्या वाढत नाहींत. पन्नाशींतल्या एखाद्याचें रक्त ह्या बाबतींत वृद्ध असूं शकतें, आणि सत्तरींतल्या एखाद्याचें तरुण. जन्मपत्रिकेंतलें वय आणि रक्ताचें वय ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हाच ह्या शोधाचा इत्यर्थ होय.

उंदरांचें शास्त्र माणसांना जसेंच्या तसें लागू करूं नये, हें मेच्निकोव्हच्या उदाहरणावरून आपण शिकलों आहों. तरुणांचें रक्त वृद्धांस देण्याची कल्पना कोणाच्या मनांत घोळत असल्यास ती तेथेंच राहूं द्यावी. पण ह्या ज्ञानाचें एक फळ माणसांच्या पदरांत पडलें आहे. रँक-एलला अडविणारें डेनोसुमॅब नांवाचें औषध तयार झालें. साठ ते नव्वद वर्षांच्या ७,८६८ स्त्रियांवर तीन वर्षें केलेल्या त्याच्या परीक्षेचा निकाल २००९ सालीं प्रसिद्ध झाला. तींत मणका मोडण्याचें प्रमाण शेंकडा ६८ नीं व खुबा मोडण्याचें शेंकडा ४० नीं घटलें. २०१० सालापासून तें युरोप व अमेरिकेंत प्रचारांत आलें. मात्र तें मध्येंच सोडलें तर दबलेले अस्थिभंजक दुप्पट आवेशानें उठतात आणि कित्येकांचे एकाहून अधिक मणके मोडतात. म्हणून तें वैद्याच्या संमतीवांचून थांबविणें धोक्याचें आहे. आपल्या देशांतही ह्या शास्त्राकडे लक्ष गेलें आहे. नवी दिल्लींतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०१८ सालीं, प्रतिकारसंस्थेच्या अंगानें हाडांच्या विरळपणाचा विचार करणाऱ्या ह्या शाखेला 'इम्युनोपोरोसिस' असें स्वतंत्र नांव दिलें.

सुश्रुतापासून आजपर्यंतच्या ह्या प्रवासाचें तात्पर्य काय? म्हातारपणीं हाड सावकाश जुळतें, हें तर पूर्वींच ठाऊक होतें. नवें कळलें तें हें कीं, ह्या सावकाशीला कारणें आहेत, तीं रक्तांत आहेत, आणि त्यांतील कांहीं तरी हातांत येणारीं आहेत. जेथें कारण असतें तेथें प्रयत्नाला जागा असते. जेथें केवळ 'वय' असतें तेथें नुसता निःश्वास टाकण्यापलीकडे कांहीं करणें उरत नाहीं. ह्या दोन वृत्तींतील अंतर पुस्तकी नाहीं. घरांतील वृद्ध स्त्री किरकोळ धक्क्यानें मनगट मोडून घेते, तेव्हां प्लास्टर काढल्यावर प्रकरण मिटलें असें मानावयाचें, कीं तिचीं सर्वच हाडें तपासून पुढचा खुबा वांचवावयाचा, हें ह्या वृत्तीवर ठरतें. खुबा मोडलाच, तर "आतां ह्या वयांत शस्त्रक्रिया कशाला?" म्हणून तिला अंथरुणाच्या स्वाधीन करावयाचें, कीं लवकर शस्त्रक्रिया करवून तिला उभी करावयाची, तिला पोटभर व सकस जेवूं घालावयाचें, आणि रोज चार पावलें चालवावयाची, हेंही त्यावरच ठरतें. अंथरुण मारतें, हें कूपरनें दोनशें वर्षांपूर्वीं सांगितलें. अल्पाहारानें हाड जुळत नाहीं, हें सुश्रुतानें त्याच्याही कितीतरी आधीं सांगितलें. अलीकडच्या शास्त्रानें त्या दोघांचा शब्द खोटा पाडला नाहीं. उलट त्यास कारणांचा आधार दिला.

आपल्या समाजांत वृद्धांना मान पुष्कळ दिला जातो, पण त्यांच्या दुखण्याला बहुधा वयाच्या खात्यावर जमा करून आपण मोकळे होतों. वृद्धाच्या शरीरांतील शिपाई थकले आहेत, गोंधळले आहेत. पण ते रणांगण सोडून गेलेले नाहींत. मोडलेल्या हाडाभोंवतीं ते अजूनही गोळा होतात, उशिरां कां होईना हांक देतात, आणि तिप्पट काळ लागला तरी सांधा धरतात. त्यांना तेवढा काळ मिळवून देणें हें वैद्याचें आणि घरच्या माणसांचें काम आहे.